आईची फ्रेंच जन्मतारीख

कॉलेजात दुसरी भाषा म्हणून संस्कृत तरी घ्यायची, नाहीतर फ्रेंच. पाली असती तर बाबांनी गल्लीभर पेढे वाटले असते, पण यवतमाळला पाली शिकवणारं कुणी नव्हतं. संस्कृतच्या सरांनी पहिल्याच तासाला मला विचारलं, "तुमच्याकडे आधी कुणी शिकलंय का हे?" मी उठले आणि तडक फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसले. माझं डोकं तेव्हा असंच होतं, पटकन तापायचं. त्या वर्गात मला धरून तिघं. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ यायचे. त्यांची अर्धी नोकरी पाँडिचेरीत झाली होती आणि उरलेली अर्धी तिथल्या गोष्टी सांगण्यात.

वर्षअखेरीला तोंडी परीक्षा होती, नागपूरचे परीक्षक घेणार होते. विचारणार काय, तर वेळ आणि तारीख, एवढंच. सर म्हणाले, अगदी सोपं आहे. पण त्यात नापास झाले की फीची सवलत बंद, सवलत बंद की कॉलेज बंद, आणि मग जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, आईच्या शेजारी बसून कापसातला कचरा वेचायचा. आईला तिच्या शेजारी मी नको होते. तिने तसं स्पष्ट सांगितलं होतं. "तू आली तं मी उठून जाईन," म्हणाली होती.

अडचण अशी की आमच्या गल्लीत घड्याळच नव्हतं. वेळ सांगायचा तो जिनाचा भोंगा, आणि तो दिवसातून चारदा वाजायचा. म्हणजे फ्रेंचमध्ये मला चारच वेळा यायच्या. पण बाबांना त्याही पुष्कळ झाल्या. छप्पन साली नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन आल्यापासून पोरीच्या शिक्षणापुढे त्यांना काही दिसत नसे. दुपारचा भोंगा झाला की जो कुणी ओट्यावर बसलेला असेल त्याला ते म्हणायचे, "इचारा तिले. फिरंगीत किती वाजले थे इचारा."

मी म्हणायची, "इल ए मिदी."

"म्हंजे?"

"बारा वाजले."

"मंग आपल्यासारखेच वाजले ना त्याईचे," शेजारचे काका निराश होऊन म्हणायचे. त्यांना तिकडे काहीतरी वेगळं वाजत असेल अशी आशा होती.

पावणेसात, पावणेआठ मला लगेच जमलं, कारण फ्रेंच लोकही सातातून पाव वजा करतात. दीड मात्र त्यांच्याकडे नाही, ते एक आणि अर्धा म्हणतात. हे आईला सांगितलं तेव्हा तिला खरोखरच वाईट वाटलं. "एवढे गोरे न् दीड नाही त्याईच्यात?" ती म्हणाली. "मंग दीड भाकर कशी मांगत असतीन?"

माझी गाडी अडली ती सालांपाशी. सत्तरच्या पुढे फ्रेंच लोकांचं डोकं फिरतं. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. मी ओट्यावर बसून 'कात्र-वँ-दूझ' घोकत होते आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच आकड्यावर पोचत होते. शेवटी वही आपटली. आई अंगणात गोवऱ्या मोजत होती.

"कायले आपटते व?"

"ब्याण्णवला चार वीस न् बारा म्हणतात म्हणे! वेडे आहेत का?"

"मंग काय म्हनतीन?" आई म्हणाली. तिने गोवऱ्यांचे वीस-वीसचे ढीग दाखवले. "हे पाय. एक इसा, दोन इसा, तीन इसा, चार इसा. न् ह्या बारा. चार इसा न् बारा. तुले कॉलेजात शिकोते तरी काय?"

मी सत्तर विचारलं. "तीन इसा न् दहा." पंचाण्णव? "चार इसा न् पंधरा." आईला अंगठा उठवण्यापलीकडे लिहिणं येत नव्हतं, आणि दोन महिने माझं डोकं खाणारं फ्रेंच तिला गोवऱ्यांइतकं सोपं होतं. मला इतका राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुकाट्याने गोवऱ्या मोजायला बसले.

परीक्षक जाड चष्म्याचे, नाकातून बोलणारे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मी वेळ सांगितली. आजची तारीख सांगितली. माझी जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. ती एक जून. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना एक जूनलाच जन्माला घातलं होतं. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "तुमची आई केव्हा जन्मली?"

 आईचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, एवढंच घरात माहीत होतं. कुठल्या सालचा पोळा ते पोळ्यालाच ठाऊक. परीक्षकांनी पेन्सिल उचलली. मला जिनातला कचरा दिसायला लागला. आणि मग तोंडात जे सगळ्यात पक्कं बसलं होतं ते मी धडाधड बोलून टाकलं, "ल त्राँत-ए-अँ ज्वँ, मिल ऊइ साँ कात्र-वँ-दूझ."

एकतीस जून अठराशे ब्याण्णव.

"आता त्यांचं वय किती?" त्यांनी फ्रेंचमध्येच विचारलं.

तीन इसा न् दहा. "स्वासाँत-दीस," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत आले. "बाई, जून तीस दिवसांचा असतो. आणि या हिशेबाने तुमच्या मातोश्रींनी तुम्हाला एक्कावन्नाव्या वर्षी जन्म दिला."

माझं डोकं तापलं. "सर, तिची तारीख कुणी लिहूनच ठेवली नाही. तुम्ही विचारली म्हणून आत्ता काढली."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, कागदावर काहीतरी लिहिलं. "आकडे बरोबर आहेत," एवढंच म्हणाले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

घरी मी कुणाला काही बोलले नाही. महिन्याभराने निकाल लागला आणि मी पास झाले, तेव्हा चुलीपुढे बसून आईला सगळं सांगितलं. तिला सत्तर वर्षांची केलं म्हटल्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते स्वतः पंचेचाळिशीचे होते. एकतीस जून कधी येतच नाही, हेही मी कबूल केलं. आता शिव्या बसणार म्हणून थोडी मागे सरकले.

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली होती.

"थ्या सायबानं इचारलं?" ती म्हणाली. "माहं? मी कधी जन्मली थे?"

"हो."

"आजलोक कोनं इचारलं नोतं व."

 तव्यावरची भाकरी करपली ती मीच उलटली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सांग बरं. त्याईच्यात सांग, कधीची मी थे."

मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी हातातलं पीठ झटकून ती माझ्याबरोबर म्हणाली, आणि 'कात्र-वँ-दूझ' तिचं माझ्यापेक्षा चांगलं आलं.