दोघांनी पाहिलेले क्रौंच

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र गंगापूर धरणावर पक्षी बघायला जातो. तो सातपूरच्या एका कारखान्यात होता, आता रिटायर झालाय. आमचा जुना नियम आहे: दोघांना दिसल्याशिवाय पक्षी वहीत लिहायचा नाही. त्यावरून आमची कडाक्याची भांडणंही झाली आहेत.

यंदा मात्र तो मी दाखवलेल्या प्रत्येक पक्ष्याला लगेच "हो, दिसला" म्हणायला लागला. साध्या धोबी पक्ष्यावरूनही तासभर वाद घालणारा हा माणूस! मला वाटलं, कंटाळलाय, नुसतं उरकतोय. एका रविवारी माझं डोकंच फिरलं. समोरचा चिखल पार रिकामा होता. तिकडे बोट दाखवून मी मुद्दाम म्हणालो, "ते बघ, दोन क्रौंच उभे आहेत."

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ ती फिरवत राहिला, चिखलावरून पाण्याकडे, पाण्यावरून आभाळाकडे. मग हळूच म्हणाला, "हो, दिसले. काय सुंदर आहेत रे!"

तो उरकत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं.

"लिहिलंस ना?" त्याने विचारलं. मी वही उघडली आणि लिहिलं.

परतताना मी स्कूटर चालवत होतो. त्या क्रौंचांच्या माना कशा डौलदार होत्या, हे तो मागे बसून मला सातपूर येईपर्यंत सांगत होता.