मालक डावीकडे बसायचे

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू का, हसण्यासाठी वाचतो. कुणाला विहिरीपाशी बाई दिसते, कुणाचे बैल वाटेत अडतात आणि पुढेच जात नाहीत... मी मेकॅनिक माणूस. गाडी बंद पडली तर तिला इंधन मिळत नाही किंवा करंट मिळत नाही, तिसरं कारण नसतं, हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. आज तरीही स्वतःच लिहायला बसलोय. तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही, मीही इतकी वर्षं तेच केलंय.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही उंद्रीचे, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. शेत नावापुरतं, ते माय बघायची. मी चिखलीत एका गॅरेजात कामाला होतो आणि बाबा त्याआधी पुष्कळ वर्षं तिथल्याच एका कापसाच्या जिनिंगवाल्या मालकांचे ड्रायव्हर होते. मालकांचं नाव लिहीत नाही, घराणं मोठं आहे. गाडी अमेरिकन, लांबलचक, काळी, आठ सिलिंडरची. ती बाजारातून निघाली की दुकानदार उठून उभे राहायचे आणि मागच्या खिडकीकडे बघून हात जोडायचे. मालक मागे, डावीकडे बसायचे. डोक्याला काळी टोपी, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरलेली आणि तिच्या मुठीवर हनुवटी टेकवलेली. स्टिअरिंगवर माझा बाप. त्याला कुणी रामराम घातल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. गावातसुद्धा त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे ‘डायवर’च म्हणायचे.

माझ्या बहिणीच्या लग्नाला मालक आले होते. फार कौतुक झालं त्याचं. अक्षता पडायच्या थोडं आधी त्यांना आठवलं की खामगावला कुणाकडे तरी जायचंय. बाबा उठले, हातातल्या अक्षता मायच्या ओंजळीत टाकल्या आणि गाडी काढली. पोरीचं लग्न बापाशिवाय लागलं. बाबा परत आले तेव्हा वऱ्हाड निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे कामावर गेले, पण मी ते कधीच विसरलो नाही.

पुढे मालक वारले, मुलं मोठ्या शहरात गेली, जिनिंग बंद पडलं. गाडी मागच्या आवारात बाभळीखाली गंजत पडली. आवार विकायला काढलं तेव्हा मालकांचा धाकटा मुलगा बाबांना म्हणाला, “गाडी तुम्ही घेऊन जा, ड्रायव्हर. एवढी सेवा केलीत.” सेवेचं फळ म्हणजे गंजाचा ढीग, आणि माझा म्हातारा त्या पोराच्या पाया पडला! बैलजोडी लावून ती गाडी आम्ही उंद्रीला ओढत आणली. मायने कपाळावर हात मारला, कारण म्हशीच्या टिनाखाली आता गाडी आणि म्हैस उन्हात.

त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, ही गाडी मी उभी करणार आणि तिच्यात मागे माझ्या बापाला बसवणार. चिखलीच्या भर बाजारातून नेणार. कुणीतरी, एकदा तरी, त्याला हात जोडले पाहिजेत. मला दुसरं काही नको होतं. आणखी एक ठरवलं. मालकाचं म्हणून त्या गाडीत काहीही ठेवायचं नाही.

गॅरेजातून सुटलो की घरी हेच काम. तारेच्या ब्रशने गंज खरवडून खरवडून बोटांची सालं गेली. मागच्या बाजूची फ्लोअर तर पापडासारखी हातात येत होती. डांबराचे रिकामे ड्रम फाडून, ठोकून सपाट करून नवा पत्रा बसवला. आठ सिलिंडरचं इंजिन गंजून जाम झालेलं, सुटायला तयारच नव्हतं, आणि सुटलं असतं तरी पेट्रोल इतकं भडकलं होतं की त्याला पाजणार कोण? एका पलटी झालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन मिळवलं आणि चेसिस कापून ते बसवलं. मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ट्रकचे टाकले, लोहाराकडून पाणी देऊन कडक करून घेतले. उंदरांनी खाल्लेल्या मागच्या सीटचा काथ्यासुद्धा जाळून टाकला आणि नवी सीट शिवून घेतली, रेक्झिनची, लाल. डेंटिंग केलं, खड्ड्यांत लांबी भरली, काळ्या गाडीला पिस्ता रंग मारला. आवाज वेगळा, रंग वेगळा, बसायची जागासुद्धा वेगळी. आता ओळखा म्हणावं!

बाबा शेजारी उकिडवे बसून बघायचे. एकदाच म्हणाले, “काऊन बे रंग बदलून राह्यला? मालकाले काळाच आवडे.”

“म्हणूनच बदलून राह्यलो,” मी म्हणालो. ते उठून आत गेले.

दसऱ्याला गाडी तयार झाली. मायने पूजा केली, झेंडूची माळ बांधली. बाबांना नवं धोतर, पांढरा फेटा. मी मागचं डावं दार उघडून उभा राहिलो, तर ते पुढच्या दाराशी जाऊन थांबलेले.

“मांगं बसा, बाबा.”

“मी? मांगं?” त्यांनी मायकडे बघितलं.

“बसा ना एकडाव. पोरगा इतका जीव काढून राह्यला,” माय म्हणाली. तेव्हा ते बसले. मान खाली घालून, अंग चोरून बसले.

दुपार कलली होती. गावातून निघालो तोच पारावरचे लोक उठले. मागच्या खिडकीकडे हात जोडले गेले. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला आणि आपट्याची पानं आत टाकून म्हणाला, “सोनं घ्या!” मी गाडी मुद्दाम आणखी हळू केली. पुढे चिखलीच्या बाजारातही तेच. कापूसवाले, दाणेवाले, पानटपरीवाला, सगळे उठून उभे राहिले. मी इतक्या वर्षांत इतका खूश झालो नव्हतो. आरशात बाबा दिसत नव्हते, पण मला वाटलं, लाजून सरकले असतील माझ्या पाठीमागे.

मग डिझेल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस नवा होता, संग्रामपूरकडून नुकताच आलेला. त्याला चिखलीतलं कुणी ठाऊक नव्हतं. नळी लावता लावता हळूच मला म्हणाला, “मांगं बसले ते साहेब कोन गावचे हो?”

“साहेब नाही, माहा बाप हाय तो,” मी ऐटीत सांगितलं.

“रुबाब हाय बाकी! म्या नमस्कार केला त पाह्यलंबी नाही. काठीवर हनुवटी टेकून बसले, टोपी जराशी हालली नाही.”

“टोपी?”

“काळी टोपी ना.”

मी वळून बघितलं. बाबांच्या डोक्याला पांढरा फेटा होता आणि त्यांनी उभ्या जन्मात काठी धरली नव्हती. पंपवाल्याने खिडकीतून वाकून आत पाहिलं आणि बाबा नजरेला पडल्यावर दचकला. “आं? हे कव्हा बसले?”

सीटच्या डाव्या बाजूला आपट्याच्या पानांचा ढीग पडला होता. बाबांच्या बाजूला एक पान नव्हतं. ते उजव्या दाराला चिकटून, गुडघे जवळ घेऊन बसले होते.

“बाबा, असे काऊन बसले? मधात सरका ना.”

“मधात कसा सरकू? मालक बसले हायेत ना बे.”

माझं डोकंच फिरलं. “कोन मालक? मेले तुमचे मालक!” मी ओरडलो. बाबांनी घाबरून डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हळू बोल. त्याईले ऐकू जाते,” म्हणाले. खाली उतरले, पुढे आले, माझं दार उघडलं. “उठ. तुले क्लच जमून नाही राह्यला. धक्के बसून राह्यले त्याईले.”

मी का उठलो, मला सांगता येत नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्याने बाजूच्या सीटवर गेलो. आणि एक गोष्ट कबूल करायलाच हवी, माझा बाप गाडी सुंदर चालवायचा. ते नवं इंजिन, ते टेम्पोचे गिअर त्यांनी कधी हाताळले नव्हते, पण गाडीला एक हिसका बसला नाही. पाठ ताठ, मान ताठ. सकाळपासून प्रथमच ते सुखात दिसत होते. रस्त्यावरचे लोक हात जोडत होते ते मागे, डावीकडे. पुढे बसलेल्या आम्हा दोघांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि संतापाने दात आवळले जात होते.

गाडी जिनिंगच्या फाटकापाशी थांबली. फाटकाला कुलूप, आत गवत. बाबा उतरले, वळसा घालून गेले आणि मागचं डावं दार उघडून मान खाली घालून उभे राहिले. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागेल तेवढा वेळ उभे राहिले. आणि तेव्हा गाडीची मागची डावी बाजू वर उचलली गेली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाटे करकरले आणि मडगार्ड चाकावरून दोनेक बोटं वर आलं, जसं वजनदार माणूस उतरल्यावर येतं. ते पाटे मी स्वतः बसवले होते. ट्रकचे पाटे, एक माणूस चढल्या-उतरल्याने ते दबतही नाहीत.

बाबांनी दार हलकेच लावलं आणि गाडीला टेकून उभे राहिले.

“चला घरी, बाबा.”

“मालक येऊ दे.”

मी विनवण्या केल्या, चिडलो, नाही नाही ते बोललो. ते ऐकेनात. दिवेलागण झाली तरी उभेच. शेवटी दंडाला धरून अक्षरशः ओढत गाडीत बसवलं. परत येताना सारखे मागे वळून बघत होते. “त्याईले न्याले कोन जाईन?” एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी गॅस कटर आणला आणि गाडीचा मागचा भाग कापून टाकला. सीट, दारं, टप, सगळं. मागे फळ्या ठोकून कांदे-भाजी न्यायचा टेम्पो केला. बाबा उंबऱ्यात उभे होते. कापून झाल्यावर जवळ आले आणि उघड्या चेसिसकडे बघत विचारलं, “आता मालक कुठं बसतीन?”

त्यानंतर माझ्याशी ते फारसे बोलले नाहीत, आणि त्या टेम्पोत एकदाही बसले नाहीत. काही वर्षांनी गेले.

मी एका ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, लोकांना जुनी सवय असते, गाडीचा आकार बघून हात आपोआप जोडले जातात, आणि तुमच्या वडिलांचं वय झालं होतं. चला, मान्य. पण संग्रामपूरच्या त्या माणसाला कसली सवय? आणि पाट्यांना? चांगल्या चांगल्या मेकॅनिकांना विचारलं, तेही हेच म्हणाले की ट्रकचा पाटा एका माणसाने हलत नाही. भुताचं मला फारसं वाटत नाही, मालकाला मेल्यावरही रामराम मिळत होते याची मात्र चीड येते, अजूनही येते.

उंद्रीतले जुने लोक अजून सांगतात, एका दसऱ्याला मालक गाडीतून येऊन गेले म्हणून. त्यांना सांगून सांगून मी थकलो. त्या दिवशी मागच्या सीटवर माझा बाप बसला होता, नवं धोतर नेसून, पांढरा फेटा बांधून. इथे लिहून ठेवतोय, कारण तो कुणालाच दिसला नाही.