राणी शेखचा ब्लड रिपोर्ट

“डॉक्टर, मुलीला आजच्या आज नागपूरला हलवा,” बुलढाण्यातल्या एका लॅबचे पॅथॉलॉजिस्ट फोनवर म्हणाले. “ताप आहे?”

“आहे थोडा. हनुवटीखाली गाठ आहे. खाणं तुटलंय.”

“वजन?”

“साडेतीनशे किलो. उतरलंय बरंच.”

पलीकडून हळूच आलं, “कोणाचं?”

“घोडीचं.”

“अहो, इथं राणी शेख, स्त्री, वय नऊ लिहिलंय!”

त्यांनी ‘मुलगी’ म्हटलं तेव्हा मला खटकलं नव्हतं. आमच्याकडे जनावराला लेक म्हणायची पद्धतच आहे. मी मोताळ्यात जनावरांची डॉक्टर. राणी ही रशीदभाईंची पांढरी घोडी, तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्यावरून मिरवलेले. रशीदभाई समोरच उभे होते. रक्ताचा नमुना मी त्यांना जनावरांच्या लॅबला न्यायला सांगितला होता.

“हे काय केलंत?”

“ते लॅब लय दूर पडते, मॅडम. अन् बुलढान्याचे जनावराचं रगत घेत नाहीत. मंग म्या सांगतलं, माही पोरगी हाये. खोटं काय त्याच्यात?”

फोन स्पीकरवर होता. “घोड्याचं मला कळत नाही, पण हे रक्ताच्या कॅन्सरसारखं वाटतंय,” पॅथॉलॉजिस्ट म्हणाले आणि रशीदभाईंनी माझ्यापुढे हात जोडले.

“मॅडम, तिले सुई देऊन मारू नका. मी तिले हातानं चारीन.”

लिम्फोमाची शंका मलाही होतीच. शरीरात ठिकठिकाणी लिम्फ नोड असतात, संसर्ग अडवणाऱ्या चौक्याच त्या. तिथल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढायला लागल्या की तो लिम्फोमा. हाही कॅन्सरच.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणि स्लाइड दोन्ही मागवून घेतली. तांबड्या पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचलेल्या. माणसात हे दिसलं की डॉक्टरला घाम फुटतो, घोड्यात ते रोजचंच. सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, पिवळं, म्हणून कावीळ लिहिली होती. घोड्याचं पिवळसरच असतं. पेशी लहान, त्याही घोड्याच्या लहानच असतात. थोडक्यात, राणीचा एकच दोष होता, ती माणूस नव्हती.

पांढऱ्यांपैकी संसर्गाशी लढणाऱ्या पेशी मात्र खरंच वाढलेल्या होत्या. कॅन्सरच्या वेड्यावाकड्या पेशी काही दिसेनात. पण लिम्फोमा रक्तात न दिसता गाठीत दडून असू शकतो. म्हणून गाठीत सुई घातली. सिरिंजमध्ये पू आला. इतका आनंद मला पू बघून आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता हा पू आला कुठून? राणी आजवर तोंडाला हात लावू देत नव्हती. गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडला, टॉर्च मारला. खालच्या दाढेपाशी हिरडीत बारीक तार रुतलेली, तिला सोनेरी जरीचा तुकडा.

“रशीदभाई, हे काय?”

ते डोकं खाजवायला लागले. “हाराची तार दिसते.”

“घोडीच्या तोंडात हार?”

मग सगळं बाहेर आलं. मागं एका वरातीत राणीनं नवरदेवाचा हार खाल्ला. वरपक्ष हातघाईवर आला. रशीदभाईंनी वेळ मारून नेली, “घोडीनं हार खाल्ला का जोडा जन्मभर टिकते!” ही बातमी गावोगाव गेली. पुढे प्रत्येक वरमाई राणीसाठी वेगळा हार आणू लागली. एक नवरदेव तर तिनं हार संपवेपर्यंत रिकिबीत पाय घालेना.

तार काढली, जखम धुतली, अँटिबायोटिक सुरू केलं. गाठ बसत गेली. राणीनं पुन्हा कडब्यात तोंड घातलं त्या दिवशी रशीदभाई तिच्या मानेला मिठी मारून रडले. मीही उगाच स्टेथोस्कोप पुसत बसले.

हाराला मी कायमची बंदी घातली. पुढच्याच लग्नात भर वरातीतून एका वरमाईचा फोन आला.

“मॅडम, हा रशीदभाई घोडीले हारच नाही खाऊ देऊन राह्यला! म्हनते तुम्ही मनाई केली. उद्या आमच्या पोराच्या संसारात काही इकडचं तिकडं झालं तं जबाबदार कोन?”

“मी,” म्हटलं आणि फोन ठेवला.

आता घोडीच्या हनुवटीखाली गाठ दिसली की काही करून आधी तिचं तोंड उघडून बघते. वरमाईचं बंद करायचं औषध मात्र आमच्या कपाटात नाही.