पाचव्या घरचा जोगवा

देवीवर माझा विश्वास आहे, पण त्या वर्षी तो जरा ढिला पडला होता, हे आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ बाळू अंबाजोगाईच्या बसस्टँडसमोर फुटपाथवर पोतं टाकून राहत होता. आमचं भांड्यांचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. बाळू केजच्या काळीपिवळीवर ड्रायव्हर होता. पाठ धरली म्हणून कुणीतरी गोळी दिली. पाठ सुटली, गोळी सुटली नाही. मग गाडी गेली, बायको माहेरी गेली आणि बाळू येणाऱ्याजाणाऱ्यापुढं हात पसरायला लागला. निम्म्या गावानं ज्या दुकानातून लेकींच्या रुखवताची भांडी नेली, त्या दुकानमालकिणीचा भाऊ जर्मनची चेपलेली ताटली घेऊन बसलेला!

त्याला किती वेळा धरून घरी आणलं. चार घास खायचा, अंघोळ करायचा आणि हाती लागेल ते घेऊन पसार व्हायचा. शेवटच्या खेपेला त्यानं कुकर नेला, पण शिट्टी विसरला. काही दिवसांनी त्याचा जोडीदार निरोप घेऊन आला, की गिऱ्हाईक शिट्टीशिवाय कुकर घेत नाही, तेवढी शिट्टी द्या. मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी फक्त डबा घेऊन स्टँडवर जायचे. डब्याबरोबर माझं भाषणही असायचं. बाळू डबा ठेवून घ्यायचा आणि भाषण सुरू झालं की उठून रस्त्यापलीकडं जायचा. मग मी इकडून ओरडायचे, तो तिकडून हात जोडायचा. रिक्षावाल्यांची करमणूक व्हायची आणि मी घरी येऊन देव्हाऱ्यापुढं रडायचे.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "योगेश्वरीला जोगवा बोल. शुक्रवारचा." जोगवा म्हणजे कपाळभर मळवट भरायचा, अनवाणी निघायचं आणि हातात परडी घेऊन पाच घरी मागायचं. मिळालेल्या पिठाची भाकरी करून देवीला नैवेद्य दाखवायचा आणि घरच्यांनी ती खायची. जोगव्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि परडीत पडलेलं परत कुणी मागत नाही. सासूबाईंचा वर एक स्वतःचा नियम होता. पाचवं घर झालं की आपल्या दारात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर जोगवा मोडला. हे सांगताना त्या माझ्याकडं गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

निघताना मी देवीला नीट समजावून सांगितलं. आधी त्याला अक्कल दे, मग गोळ्या सोडव, मग दाढी-अंघोळ करून त्याच्या पायानं घरी पाठव. क्रम चुकू नये म्हणून दोनदा सांगितलं.

मागणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. पहिल्या दारात मी इतक्या हळू आवाजात "जोगवा वाढा" म्हणाले की आतून उत्तर आलं, "आज दूध नको." दुसऱ्या घरी मला सोफ्यावर बसवून पोहे पुढं केले. उपास आहे म्हटलं तर केळी आली. तिसऱ्या घरच्या बाईंनी ओंजळभर ज्वारीचं पीठ घातलं आणि त्याच दमात पाण्याच्या पिंपावर काही कमी होतंय का ते विचारलं. चौथ्या घरच्या सुनेनं आधी फोटो काढला, मग पीठ वाढलं. पाचव्या घराला कुलूप होतं.

दुपार झाली होती. गल्लीतली पुढची दारं झोपेसाठी लागलेली. म्हटलं बाजाराकडच्या एखाद्या घरी मागू. पण डांबर असं तापलं होतं की स्टँडपर्यंत पोचेस्तोवर तळपाय भाजले, आणि पहिली सावली दिसली तिथं मी भिंतीला टेकून उभी राहिले. डोळे मिटले. तेवढ्यात परडीत काहीतरी खण्णकन पडलं. बघते तर नाणं. बॅग घेतलेला एक प्रवासी म्हणत होता, "आजी, चहा प्या." मी काही बोलायच्या आत तो बसमध्ये चढलासुद्धा. नाण्यापेक्षा आजी म्हणाला ते जास्त लागलं.

"ए बाई!" भिंतीच्या कडेला वर्षानुवर्षं बसणारी एक म्हातारी आहे, सगळे तिला नानी म्हणतात. मळवटामुळं तिनं मला ओळखलं नाही, ती माझ्यावर चवताळली होती. "हितं जागा न्हाई. ही लाइन आमची हाय. हातात पाटल्या घालून भीक मागती, लाज न्हाई वाटत? तिकडं देवळाकडं बघ."

तिच्या पलीकडच्या पोत्यावरून एक डोकं वर आलं. बाळूच होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आधी तो माझ्याकडं बघत राहिला, मग त्याला हसू आवरेना.

"आक्का, तू बी? दाजींचं दुकान बुडालं का काय?"

माझं तोंड उघडलंच होतं. पण उपाशी होते, पाय भाजले होते, बळच उरलं नव्हतं. खाली बसले आणि खरं ते सांगितलं. जोगवा आहे, चार घरं झाली, पाचवं मिळत नाही. कुणासाठी ते सांगितलं नाही. नानीचा सूर लगेच बदलला. "असं व्हय! मग ह्यालाच माग की."

"मला कुठलं घर, नानी?" बाळू म्हणाला.

"हे पोतं कुनाचं मग? काल कुत्रं बसलं तर त्याच्यासंगं भांडत होतास, माझी जागा, माझी जागा. माग गं बाई, ह्येच पाचवं घर."

बाकीचे दोघं-तिघं हसायला लागले. मी उठून पोत्याच्या कडेला उभी राहिले, परडी पुढं केली आणि माझ्याच भावाला म्हणाले, "जोगवा वाढा." बाळूनं खिसे चाचपले. विडीचं थोटूक, काडेपेटी. ताटली रिकामी.

"काय बी न्हाई माझ्यापाशी."

"जोगव्याला न्हाई म्हनू नये," नानी म्हणाली. "वरच्या खिशात हाय ते दे."

वरच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. तो जरा तारेतच होता, चारचौघांत दानशूर दिसायची हौसही असावी. राजानं जहागीर द्यावी अशा ऐटीत त्यानं पट्टी पिठावर ठेवली. मी परडी कपाळाला लावली आणि घराची वाट धरली.

चौकापर्यंत आले असेन, तोच मागून हाक आली. "आक्का! ए आक्का! ते परत दे की!" त्याच्या ध्यानात आलं होतं. मी चालत राहिले. तो गयावया करत मागं, मी परडी छातीशी धरून पुढं, आणि अख्खा बाजार दारात येऊन बघतोय. तो म्हणाला, एकच गोळी दे. मग म्हणाला, आईची शपथ, उद्यापासून सोडतो. मग शिव्या दिल्या, मग रडला. माझ्या जिभेवर सगळं जमलं होतं, माहेरी गेलेली त्याची बायको, कुकर, गेलेली अब्रू, सगळं. त्यातला एक शब्द जरी सुटला असता तरी तो नेहमीसारखा रस्ता ओलांडून गेला असता. पण नियम होता. मी ओठ दाबून रडत चालले आणि बाळू माझ्यामागं चालत आला, आपल्या पायानं, थेट दारापर्यंत.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांवर पाणी घातलं, मग त्याच्या. भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला. पट्टीकडं बघून त्यांची भुवईही हलली नाही. परडीसकट ती देवीपुढं ठेवली. बाळू म्हणाला, "मावशी, ते माझं हाय." त्या म्हणाल्या, "होतं. आता देवीचं हाय. बस, भाकरी होऊ दे." देवीपुढून उचलायची हिंमत त्याला झाली नाही. भाकरीची वाट बघत तो बसला आणि बसल्या जागी झोपला.

पुढचं सोपं नव्हतं. त्याला कापरं भरलं, तो ओरडला, भिंतीवर डोकं आपटायला लागला. ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं. हा चमत्कार का, असं मला बायका विचारतात. मला नाही सांगता येत. नशा उतरवायचं काम डॉक्टरांनी केलं आणि अजून करताहेत. मला एवढंच दिसतं, की मी देवीला सांगितलेल्या क्रमातलं तिनं काही ऐकलं नाही. अक्कल नाही, अंघोळ नाही, सगळ्यात आधी तिनं त्याला घरी आणलं आणि तेवढा वेळ मला गप्प ठेवलं. आमच्या घरात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती.

दवाखान्यातून आल्यावर तो महिनाभर दुकानात बसला आणि एका सकाळी नाहीसा झाला. माझे पाय स्टँडकडं वळले होते. मग मी परत फिरले, देवीपुढं बसले आणि म्हणाले, आता मी काही सांगत नाही, तुला जसं जमेल तसं कर. दोन दिवस घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते आणि दारातून आवाज आला, अगदी फुटपाथवरच्या सवयीनं ओढलेला.

"भाकर हाय का, आक्का?"

आई योगेश्वरी, तुझे उपकार कोणत्या तोंडानं मानू! मी म्हटलं, "हाय. आत ये."