जीपमधला दहा वॅटचा दिवा

असले अनुभव मी आजवर वाचले ते चुका काढायला. कुणाच्या माडीवर पावलं वाजतात, तर मी म्हणणार, पत्रा गार होताना वाजतो. कुणाचं दार आपोआप उघडतं, तर बिजागरी बघा. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईची खोड, दुसरं काय! आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. आप्पा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. मी एम.एस्सी. झाले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. भगताकडे कधी गेले नाही, गाडीला लिंबू बांधलं नाही. तरी हे लिहितेय, कारण माझ्या वहीत काही आकडे आहेत... आणि ते कशातच बसत नाहीत.

गाव चांदे, तालुका मुळशी. घर रस्त्यापासून थोडं आत, मागे भाताची खाचरं, पुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आप्पांची जुनी डिझेल जीप. त्यांनी वर्षानुवर्षं चांदे-पौड वडाप केलं, म्हणजे जीपमधून उतारूंची ने-आण. आई गेली तेव्हा धंदा सोडला, जीप सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी आप्पाही गेले. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात आता मी एकटी. सकाळी साडेसातला स्कूटरवरून कोथरूडला कॉलेजात, संध्याकाळी पाचला परत. आजूबाजूच्या शेतांत भाड्याच्या खोल्या उठल्यात. तिथली आयटीतली मुलं वायफायला रेंज येते का विचारतात, नाव विचारत नाहीत. कॉलेजातून आले की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही, असे आठवडेच्या आठवडे जातात.

म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं - घराला कुलूप लावायचं, कॉलेजजवळ फ्लॅट बघायचा, जीप विकायची. ताम्हिणीच्या एका ढाबेवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. अडचण एकच. मी जीप फक्त रविवारी काढायची, आणि दर रविवारी बॅटरी उतरलेली. दोष लपवून गाडी गळ्यात मारणं मला जमणार नव्हतं. दोष सापडला की जीप जाणार, आणि जीप गेली की मीही जाणार... इतकं सरळ होतं.

फाट्यावर सोपानकाकांचं गाडीच्या वायरिंगचं दुकान आहे. आप्पांचे जुने दोस्त.

"डायनामो गेलाय," गाडी न बघताच म्हणाले.

"अल्टरनेटर म्हणतात त्याला, काका."

"तू म्हन. आमी जलमभर डायनामो म्हनूनच बांधलं, ते बी चार्जिंग करत्यात."

मी मीटर लावला. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट, हेडलाइट लावून १३.८. बेल्ट घट्ट. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली. म्हणजे चार्जिंग ठणठणीत.

"मंग बॅटरी म्हातारी झाली," काका म्हणाले. नवी आणली. पुढच्या रविवारी चावी फिरवली तर नुसती टिकटिक.

"मॅडम, आता मिटरलाच इचारा की!" काका दात काढत म्हणाले. ते मला नेहमी मॅडमच म्हणायचे, चिडवायला.

मग मी विद्यार्थ्यांना जे सांगते तेच केलं - वही सुरू केली. सकाळी निघताना एक रीडिंग, संध्याकाळी आल्यावर एक. सोमवारी सकाळी १२.७, संध्याकाळी १२.६. मंगळवारी सकाळीही १२.६ - रात्रभरात काही नाही. संध्याकाळी १२.५. असं पायरी-पायरीने शनिवारपर्यंत. जे काय गळत होतं ते दिवसा. रविवारी काही नाही. सुट्टीच्या दिवशी काही नाही. मधे मला ताप आला, तीन दिवस घरीच पडून होते. तीन दिवस काटा हलला नाही. चौथ्या दिवशी कॉलेजला गेले, पुन्हा एक पायरी खाली.

'मी घरी असले की गळत नाही' असं वहीत लिहिलं, आणि खोडलं. निरीक्षणाच्या वहीत असलं वाक्य शोभत नाही.

एकेक फ्यूज काढून बघितला, तेव्हा सापडलं - टपाला आतून लावलेला दिवा. उतारूंना पाय ठेवायला दिसावं म्हणून आप्पांनीच बसवलेला. ड्रायव्हरच्या दाराला बटण. दार उघडलं की लागतो, लावलं की विझतो. बल्ब काढून ठेवला, आठवडाभर गळती बंद. बसवला, पुन्हा सुरू. दहा वॅटचा बल्ब, म्हणजे साधारण पाऊण-एक अँपिअर, साडेनऊ तास, सहा दिवस... हिशोब बॅटरीशी चोख जुळला. म्हणजे मी नसताना दिवा दिवसभर जळत होता. आणि मी सकाळी निघताना बंद, संध्याकाळी बघावं तर बंद!

बटण नवं घातलं. फरक नाही. दोन्ही दारांच्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. संध्याकाळी पट्ट्या जशाच्या तशा, आकडा खाली.

कॅमेरा का नाही लावला, असं विचाराल. शेजारच्या खोलीतला मुलगा देत होता. मी नको म्हटलं. त्यात काही दिसलं असतं तर, आणि काहीच दिसलं नसतं तर... दोन्ही मला झेपणारं नव्हतं.

मग ऑगस्टातला एक बुधवार. स्कूटर कॉलेजातच बंद पडली, तास लवकर सुटले, मी रिक्षा बदलत गावात आले ती अडीचलाच. पाऊस थांबलेला, म्हणून रस्ता सोडून खाचरांच्या बांधावरून मागच्या बाजूने घराकडे निघाले. आभाळ इतकं दाटलेलं की शेडमध्ये दुपारीच अंधार होता. आणि जीपच्या मागच्या काचेतून पिवळा उजेड दिसत होता.

मी थांबले. दारं बंद. पट्ट्या जागच्या जागी. आत कुणी नाही, म्हणजे मला कुणी दिसलं नाही. शेडला वळसा घालून मी पुढे आले, बॉनेटसमोर उभी राहिले... आणि दिवा विझला. फडफडला नाही, मंद झाला नाही. दार हळूच लावून घेतल्यावर विझतो तसा. फक्त दाराचा आवाज नाही.

"कोण आहे?" मी ओरडले.

पट्टी फाडून दार उघडलं. दिवा लागला, म्हणून एका हाताने बटण दाबून तो घालवला आणि दुसऱ्या हाताने बल्ब धरला. चटका बसला. नुकता लागलेला बल्ब इतका तापत नाही.

तशीच चालत फाट्यावर गेले. सोपानकाका वायर सोलत बसले होते.

"काका, आप्पांच्या वेळेला बॅटरी उतरायची का?"

"दर शनवारी हितं आनून टाकायचा चार्जिंगला. म्या म्हनायचो, आरं, त्यो दिवा तरी काढून टाक. आयकायचा न्हाई."

"कुठला दिवा?"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "तुला ठावं न्हाई व्हय? तुजी आय गेल्यापासनं त्येचं त्येच. तू कालिजला गेलीस की जीपमदी जाऊन बसायचा. दार सताड उघडं, एक पाय भाईर. पार तू येस्तवर."

"घरात का नाही बसायचे?"

"घरातनं रस्त्याचं वळन कुटं दिसतंय! सीटवरनं दिसतं. तुजी स्कूटर वळनावर दिसली की उतरायचा, दार लावायचा, आन् आत जाऊन टीव्ही लावायचा. लई घाई व्हायची त्येची. म्हनायचा, पोरगी शिकल्याली हाय, बाप वाट बघत बसतोय आसं तिला वाटाया नगं. पायात बेडी नगं तिच्या."

रोज संध्याकाळी मी आत यायची तेव्हा टीव्ही चालू असायचा. "दिवसभर टीव्हीच का, आप्पा?" म्हणून मी करवादायची. ते म्हणायचे, "आलीस व्हय? कळलंच न्हाई."

"आता बी उतरतीया ना?" काकांनी हळूच विचारलं.

"हो."

ते हसले नाहीत. "नगं इकूस, पोरी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मॅडम म्हणाले नाहीत.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता - बल्ब काढायचा. काढलाही, हातात धरून शेडमध्ये उभी राहिले. मी फ्लॅटवर गेले तर पाचला इथे येणार कोण, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. मग फाट्यावरून एक वॅटचा एलईडी बल्ब आणून बसवला. तो दिवसभर जळला तरी बॅटरीला पत्ता लागत नाही. ढाबेवाल्याला कळवलं, जीप देत नाही. फ्लॅट बघायचंही थांबवलं. आता रविवारी पहिल्या चावीला जीप सुरू होते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ओल धरलेली वायर म्हणावी, तर ती वायर कॉलेजचं वेळापत्रक पाळते का? मीटर दुसरा आणून पाहिला, वायरिंग दोनदा उलगडलं. वाचकांत कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मी प्रामाणिकपणे तपासून बघेन. चूक माझी निघाली तरी चालेल.

अजून एक गोष्ट, ती वहीत लिहिलेली नाही. संध्याकाळी वळणावर आले की मी आता हॉर्न वाजवते. रस्ता मोकळा असतो, समोर कुणी नसतं. दोनदा वाजवते आणि स्कूटर जरा सावकाश घेते. घाईघाईत उतरताना पाय घसरायला नको.