बद्द वाजणारा दगड

भिवापूरकडच्या ग्रॅफाइटच्या खाणीत लहानू सुरुंग लावायचा. काळा माल अंगात इतका मुरलेला, की आंघोळ करून आला तरी त्याची बायको अंजनाबाई त्याला पिठाच्या परातीजवळ फिरकू देत नसे. पण बारूद भरण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे सगळ्यांत जास्त ठाऊक होतं ते खुद्द लहानूला.

चौऱ्याहत्तर साली काळा माल संपत आला. मालक खाण बंद करायचं बोलू लागला आणि वस्तीचं धाबं दणाणलं. तशात खोदताना पांढरा दगड लागला. नागपूरहून आलेला साहेब म्हणाला, हा संगमरवर आहे. मोठे अखंड ठोकळे निघाले तर खाण पुढची पिढीही पोसेल. वस्तीत भीमजयंतीसारखा गुलाल उडायचाच बाकी होता.

मुकादम देवराव मात्र सावध गडी. हा दगड कसा काढतात ते आधी कोणाला तरी विचारू, असं त्याचं म्हणणं. लहानूला ते झोंबलं.

"सारी जिनगानी दगडच फोडून राहिलो मी," तो म्हणाला. "आता कोनाले इचारू, अन् काहून इचारू गा?"

दगड टणक, म्हणून त्याने बारूद दुप्पट भरली. धुरळा बसला तेव्हा बैलगाडीएवढे पांढरे धोंडे उघडे पडले होते. लोकांनी लहानूला खांद्यावर घेतलं. बिचारे!

आठवड्याने नागपुरातल्या जरीपटक्याहून फरश्यांचा व्यापारी भैय्याजी आला. एकेक धोंडा हातोडीने ठोकत गेला. चांगला दगड खणखणतो म्हणे. हे सगळे बद्द वाजत होते. शेवटी त्याने एका धोंड्यावर पाणी ओतलं. वरचं पाणी सुकलं, तसे केसाएवढे ओले तडे या टोकापासून त्या टोकापर्यंत उठून दिसले.

"याले पाचरा ठोकून हळूहळू काढा लागते," भैय्याजी म्हणाला. "तुमच्या बारूदनं हा आतून मेला."

पांढऱ्या दगडाचा पट्टा मुळात लहान, तो तळापर्यंत हादरला होता. उरली ती फरशीत घालायची खडी, आणि तिचा पैसा ट्रकच्या भाड्यातच गेला असता. मालकाने खाण बंद केली. माणसं कोणी उमरेडच्या कोळशात गेली, कोणी नागपुरात हमालीला. जाताना एकाने तरी आपल्याला शिवी हासडावी, असं लहानूला फार वाटायचं. कोणी हासडली नाही. देवराव तर विडी देऊन गेला.

लहानूला मग कोणी सुरुंगाच्या कामावर घेतलं नाही; त्याने दगड मारल्याची गोष्ट सगळीकडे पोचली होती. दगड फोडण्यापलीकडे त्याला येत काय होतं? अंजनाबाई गावातल्या घरांचं धुणं धुवू लागली. खाणीत फुकटात पडलेल्यांतलाच एक लहानसा पांढरा दगड तिने ओढून आणून दारात मांडला होता. सकाळ झाली की त्यावर कपडे आपटायची. बद्द, बद्द. लहानू कानांवर हात दाबून बसायचा. एक दिवस त्याला सहन होईना.

"फेकून दे वं तो दगड," तो म्हणाला.

अंजनाबाईने वर पाहिलंसुद्धा नाही.

"मंग खाऊ काय आपन?" ती म्हणाली, आणि तिने पुढचं लुगडं आपटायला घेतलं.