यादीतला सदतीस वर्षांचा युजर

एस्थरचे उपकार मोठे आहेत, म्हणून आधी तिचं नाव. ती युगांडातल्या कंपालाची, वय चोवीस, दुबईच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायची.

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. घाबरू नका, गोळ्या आहेत." माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो वैशालीचा, माझ्या बायकोचा. तिला लागण झाली असेल का?

मंदीत माझी दुबईतली नोकरी गेली आणि वैशालीला गावी, विट्याला परत पाठवावं लागलं. दुसरी नोकरी मिळाली, पण फॅमिली व्हिसा मिळण्याइतका पगार व्हायला पाच वर्षं गेली. शारजाच्या शेअरिंगच्या खोलीत राहताना माझ्याकडून चूक झाली. एकदाच नव्हे. घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, पण शाळेत लैंगिक शिक्षणाचा धडा सरांनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता. मी वाचला नाही.

आमची कंपनी आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवत होती. एचआयव्हीपासून बचाव कसा करायचा, टेस्ट कधी करायची, ते त्यात होतं. मजकूर एस्थरचा, टेस्टिंग माझं. अ‍ॅप नीट चालतं का बघायला दिवसभर मी त्यात खोटी माणसं भरायचो. एकोणीस वर्षांची मुलगी, कंपाला. बावीसचा मुलगा, किसुमू. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी स्वतःची खरी उत्तरं भरली. स्क्रीनवर आलं, "तुमची टेस्ट व्हायला हवी. दोष कोणाचा, हे आम्ही विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी एस्थर हसत म्हणाली, "ब्रदर, आपल्या पोरांच्या यादीत हे सदतीस वर्षांचे अंकल कोण?"

"डमी डेटा."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "डमी असेल तर पुसते. नसेल तर घरी जाऊन तपास. इथे पॉझिटिव्ह आलास तर व्हिसा खलास. आणि पुढच्या महिन्यात बायकोला आणतोयस ना? त्याआधी जा."

म्हणून मी रजा काढून आधी मिरजेला गेलो आणि तो रिपोर्ट हातात आला. दिवाळीच्या रजेत मी घरी राहून आलो होतो, तेच मनात घोळत होतं. विट्यात वैशालीची बॅग भरलेली होती. "अचानक कसे आलात? माझा व्हिसा अडला का?" मी चार दिवस गच्चीवर नुसत्या फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी सांगितलं.

"जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांनी म्हणाली, "चला मिरजेला. आधी माझं बघू दे. तुमचं नंतर बघते."

तिची टेस्ट निगेटिव्ह आली. पण डॉक्टर म्हणाले, "विंडो पीरियड संपू दे." म्हणजे लागण झाली असली तरी सुरुवातीचे काही आठवडे ती टेस्टमध्ये दिसत नाही. पुन्हा तीन आठवड्यांनी तपासायचं होतं. त्या तीन आठवड्यांत मी एका जागी दहा मिनिटं बसलो नाही. दुसऱ्या वेळी वेटिंग रूममध्ये वैशालीच म्हणाली, "बसा हो, लोक बघतात."

माझ्यासारखं कोणी वाचत असेल तर सांगतो, आधी टेस्ट करा. मी उशीर केला.

वैशालीचा दुसरा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी एस्थरला इंग्रजीत पत्र लिहिलं. ते असं:

"प्रिय एस्थर,

वैशालीचा दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह आहे. माझ्या गोळ्या सुरू झाल्या, दुबईला आता येणार नाही. वैशाली मोजकंच बोलते, पण गोळीच्या वेळी दारातून म्हणते, 'अहो, आठ वाजले.'

अ‍ॅपमध्ये एक बग माझ्याकडून राहून गेला. 'जोडीदाराला सांगितलं का?' याला 'हो' आणि 'नाही' अशी दोनच बटणं आहेत. तिसरं घाल, 'आज सांगणार होतो.' आणि ते दाबणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. मी चार दिवस तेच दाबलं असतं."